येऊन राहिली

माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडीचं इंजिन एकदा बंद झालं की पुढं वर मोटारीचं नाव नाही. ड्रायव्हर हँडब्रेक ओढतो, चावी खिशात टाकतो आणि म्हणतो, "चला, आता पायगाडी." या खेपेलाही म्हणाला. टॅक्सीत आम्ही पाच जण होतो, चौघं एका घरचे आणि पाचवा मी. ते चौघं हसले. मी पिशवी खांद्याला लावली आणि गुडघ्याचा पट्टा वर ओढून घेतला.

नागपूरच्या प्रतापनगरात माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं. सगळी उमर त्या आवाजात गेली. रस्त्यावरून गाडी गेली की हातातला पाना खाली न ठेवता मी सांगायचो, हिची चेन ढिली आहे, हिचा टॅपेट वाजून राहिला, हा गडी आठ दिवसांत क्लचप्लेट घेऊन येतो पाहा. आणि तो यायचा. लोक म्हणत, याच्या कानात मीटर बसवलं आहे. अशा माणसानं मोटार सोडा, सायकलसुद्धा चालत नाही अशा गावाला काहून जावं? पहिल्यांदा गेलो तो बायकोच्या हट्टापायी. दुसऱ्यांदाही तिच्याच हट्टापायी. आणि आता तिसऱ्यांदा, हट्ट तिचाच, पण हट्ट करणारी नाही.

शालू जाऊन तीन वर्षं झाली. मागच्या महिन्यात आमची स्वाती पुण्याहून आली होती. सज्ज्यावरचं सामान काढू म्हणाली, किती दिवस ठेवता. काढता काढता एका थैलीत शालूचे कॅनव्हासचे पांढरे बूट निघाले. वरून पांढरे, तळवे मात्र लालभडक. ती माती धुतल्यानं जात नाही. "बाबा, हे देऊन टाकू?" स्वातीनं विचारलं. मी म्हटलं, राहू दे. "काहून? कोण घालणार आहे?" मी खेकसलो तिच्यावर, राहू दे म्हटलं ना. नंतर ती अंघोळीला गेली तेव्हा मी ते बूट ओसरीवर नेले आणि एकमेकांवर आपटले. फरशीवर चिमूटभर लाल धूळ पडली. नाकाजवळ नेली तर घोड्याच्या लिदीचा, वाळल्या पानांचा आणि कुठंतरी उकळत असलेल्या चिक्कीच्या गुळाचा वास आला. आता एवढ्या वर्षांनी मातीला वास राहतो का, ते मला माहीत नाही. मला आला.

पहिल्यांदा आम्ही गेलो तेव्हा स्वाती दहा वर्षांची होती. संत्र्याचा मोसम होता. शालूचं माहेर नरखेडकडचं, बागाइतीतलं, त्यामुळे ती गावाला निघाली की सोबत संत्र्यांची थैली असणारच, मग गाव देवाचं असो की हवा खायचं. नागपूरहून रात्रभराची गाडी, कल्याणला उतरायचं, मग नेरळ, मग टॅक्सी. टॅक्सीतून उतरल्यावर पहिल्यांदा मला काय जाणवलं म्हणाल, तर कानात काहीच नव्हतं. हॉर्न नाही, किक मारल्याचा आवाज नाही, पेट्रोलचा वास नाही. मला वाटलं, घाट चढताना कानाला दडे बसले. मी नाक धरून फुंकून पाहिलं. शालू म्हणाली, "दडे नाही बसले. गाव असंच आहे."

त्या गावात फिरायचे तीन मार्ग. घोडा, हातरिक्षा, नाहीतर आपले पाय. हातरिक्षा म्हणजे एक माणूस पुढं दांड्या धरून ओढणार, दोघं मागून ढकलणार आणि आपण वर गादीवर बसणार. रिक्षावाले आम्हाला पाहून पुढं आले. शालूनं त्या तिघांना नीट न्याहाळलं आणि मान हलवली. "माणसानं ओढायचं अन् मी बसायचं? मले नाही जमत." मग थैलीतून सहा संत्री काढून त्यांच्या हातांत ठेवली. "घ्या भाऊ, नरखेडचे आहेत. बसत नाही म्हणून राग नका मानू." घोड्यावर बसवू म्हटलं तर घोडा वाकडं पाहून राहिला म्हणे तिच्याकडं. "त्याले माहीत पडलं माझं वजन," ती म्हणाली. शेवटी स्वाती घोड्यावर, घोड्याचा लगाम गणपत नावाच्या घोडेवाल्याच्या हातात, बॅगा हमालाच्या डोक्यावर आणि आम्ही दोघं पायी. म्हणजे मी पायी समोर. ती पायी मागं.

माझी चाल पहिल्यापासून फटफट. थांबणं मला जमत नाही, अजूनही जमत नाही. लाल रस्ता, दोन्ही बाजूंनी झाडं, वरून माकडं, आणि मी आपला हात मागं बांधून घोड्याच्याही पुढं. वळणावर थांबून मागं पाहायचं, ती दिसली की पुन्हा निघायचं. म्हणजे ती पोचायची तेव्हा माझी विश्रांती झालेली आणि तिची सुरूच व्हायची नाही. दर वळणावर ती हात हलवायची. "तुम्ही चाला समोर, मी येऊन राहिली."

आमच्या नागपूरकडं 'येऊन राहिली' म्हणजे येतेय. जेवून राहिलो म्हणजे जेवतोय, झोपून राहिला म्हणजे झोपलाय, उठवू नका. बाकीच्या महाराष्ट्राला हे उमगत नाही. त्यांना वाटतं, माणूस आला आणि मुक्कामाला राहिला. लॉजच्या मॅनेजरला मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "गरम पाणी येऊन राहिलं का?" तर तो म्हणाला, येतं साहेब, पण राहत नाही, लवकर अंघोळ करा.

पहिल्या सकाळी मी तो आवाज ऐकला. आम्ही तलावाकडं निघालो होतो. चढ काही फार नव्हता. स्वाती पुढं पळाली होती, कधी नव्हे ते मी शालूच्या सोबतीनं चालत होतो, आणि तिच्या श्वासाच्या शेवटी एक बारीक शिट्टी वाजत होती. आत घेताना नाही, बाहेर सोडताना. नागपुरात गॅरेज, रस्ता, कूलर, मिक्सर, टीव्ही यांच्यात ती मला कधी ऐकू आली नव्हती. घरात ती होती की नव्हती तेही मला सांगता येणार नाही. दुसऱ्याच्या गाडीत असा आवाज असता तर मी तिथंच उभी करून खोलली असती. मी काय म्हटलं? म्हटलं, "काहून वं, इंजिन गरम झालं?" ती हसली. "गाडी जुनी झाली," म्हणाली. मग मी पुन्हा पुढं निघालो. पुढं गेलं की तो आवाज येत नव्हता.

तिसऱ्या दिवशी सनसेट पॉइंटला निघालो. तो सूर्य बघायचा, एवढ्यासाठी शालू माथेरानला आली होती. तिच्या शाळेतल्या कुण्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं की तिथं सूर्य डोंगराच्या मागं जातो तेव्हा सगळी दरी संत्र्याच्या रसासारखी होते. बागेतली पोर ती, तिच्या डोक्यात ते बसून गेलं. सकाळपासून तिनं थर्मासमध्ये चहा भरून घ्यायचं ठरवलं होतं. निघायला उशीर झाला तो माझ्यामुळं, चिक्कीच्या दुकानात मी चिक्की कापायची पद्धत बघत उभा राहिलो. मग घाई सुटली. मी, घोड्यावर स्वाती आणि गणपत पुढं. शालू मागं. "तुम्ही चाला समोर, मी येऊन राहिली."

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य डोंगराच्या दोन बोटं वर होता. शालूचा पत्ता नाही. मी गणपतला म्हटलं, जरा मागं जाऊन पाहून या. तो गेला आणि लगेच परत आला. म्हणाला, "बाई भेटल्या. येऊन राहिली म्हणाल्या. मी विचारलं, कुठं राहिलात, तर नुसत्या हसल्या. राहिल्या असतील एखाद्या हॉटेलात." आजूबाजूचे दोघंतिघं हसले. मीही हसलो आणि म्हटलं, "राहिली तर राहिली. आपण पाहू सूर्य."

ही गोष्ट मी पुढं बावीस वर्षं सांगितली. पाहुणे आले की, लग्नात पंगत उठली की, गॅरेजात चहा आला की. घोडेवाल्याला आमची भाषा कशी समजली नाही, बायकोला त्यानं हॉटेलात कसं ठेवून दिलं, आणि ती बिचारी अर्ध्या वाटेत धोंड्यावर थर्मास धरून कशी बसली होती. मी रंगवून सांगायचो. लोक पोट धरून हसत. शालूही हसायची. फक्त 'राहिली तर राहिली' आलं की ती उठायची. कधी पाणी आणायला, कधी गॅस बारीक करायला. मला वाटायचं, ऐकून ऐकून कंटाळली असेल.

मागच्या महिन्यात स्वातीनं तीच गोष्ट जेवताना तिच्या लेकाला सांगितली. अगदी माझ्यासारखी, थांबे सुद्धा माझेच. "मग आजोबा म्हणाले, राहिली तर राहिली!" पोरगा खो खो हसला. मी उठलो आणि पाणी आणायला गेलो. स्वयंपाकघरात माठासमोर उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं की तांब्या तर ताटाशीच भरलेला होता.

आता खरं सांगतो. येऊन राहिली म्हणजे काय, हे मला त्या गणपतनं शिकवायचं होतं का? मी नागपूरचा. त्यानं तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले होते आणि मला ते बरोबर समजले होते. ती येत होती. माझ्या गोष्टीत मी तिला अर्ध्या वाटेवर ठेवायचो, पण गणपत जाऊन परत यायला घोड्यानं दोनदा शेपूट हलवावं इतकाच वेळ लागला होता. ती तिथंच खाली होती. मी उतरून हात दिला असता तर तिला शेवटचा तुकडा तरी दिसला असता. पण मी उतरलो असतो तर माझा सूर्य गेला असता. आणि ती शिट्टी मला पुन्हा ऐकावी लागली असती. एकदा नीट ऐकली की काहीतरी करावं लागतं. म्हणून घोडेवाल्याची चूक मी उचलली आणि खिशात घातली.

सूर्य बुडाल्यावर उतरलो. पहिल्याच वळणावर जांभळाच्या झाडाखाली ती बसली होती. पांढरे बूट लाल झालेले, मांडीवर थर्मास. "झाला का पाहून?" तिनं विचारलं. मी म्हटलं, हो, तू राहिली. "माझा राहिला," ती म्हणाली, "पुढल्या टायमाले पाहू." आणि झाकणात चहा ओतून पहिल्यांदा मला दिला. गणपतला दिला. स्वातीला घोटभर दिला. सगळ्यांचं झाल्यावर उरलेला स्वतः प्याली, तो थंड झाला असणार.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा स्वातीची बारावी झाली होती. त्या खेपेला मी फार शहाण्यासारखा वागलो, दुपारीच निघालो, तिला मध्ये मध्ये बसवत नेलं. पण शेवटच्या घटकेला धुकं आलं आणि सगळं पांढरं करून गेलं. शालू म्हणाली, आपल्या नशिबात दूधच आहे, रस नाही. हसली. त्यानंतर दरवर्षी संत्री निघाली की ती म्हणायची, यंदा जाऊ. दरवर्षी मी म्हणायचो, हो. मग गॅरेजात कुणीतरी गाडी खोलून ठेवलेली असायची.

नागपुरात मला कधी वाटलं नाही की मी तिला मागं टाकतो. ती माझ्या स्कूटरवर मागं बसलेली असायची, एक हात माझ्या खांद्यावर, एका हातात थैली. बर्डीला गेलो, फुटाळ्याला गेलो, कुठंही गेलो तरी सोबत निघायचो आणि सोबत पोचायचो. वाहनाचं हे बरं असतं, मागचं माणूस मागं पडत नाही. ते माणसानं कमावलेलं नसतं, गाडीनं दिलेलं असतं. हे मला कळायला धंतोली यावी लागली. धंतोलीत दवाखानेच दवाखाने आणि गाडी लावायला बोटभर जागा नाही. मी तिला कोपऱ्यावर उतरवायचो, गाडी कुठंतरी कोंबायचो आणि तिला ओलांडून धावत पुढं जायचो, नंबर लावायला. चार पावलं टाकून ती भिंतीला हात टेकायची. "तुम्ही चाला समोर. मी येऊन राहिली." मी खरोखर नंबर लावायलाच पळत होतो. पण पळत होतो.

तर आता तिसऱ्यांदा. दस्तुरीवरून पेठेपर्यंत आता विजेवरच्या रिक्षा झाल्यात. जुने हातरिक्षावालेच चालवतात म्हणे. ते बघून मला बरं वाटलं, शालूही यात बसली असती. मी मात्र चालत गेलो. रस्त्याला बऱ्याच ठिकाणी फरशा बसवल्यात, तरी कडेला माती तीच आहे. लॉजवाल्यानं विचारलं, एकटेच का. मी म्हटलं, हो. त्यानं दोन खाटांची खोली दिली, दुसरी नव्हती. मी दुसऱ्या खाटेवर पिशवी ठेवली, मग ती उचलून खाली ठेवली.

दुपारी तीनलाच निघालो. थर्मास भरून घेतला होता, तिचाच, झाकण थोडं चेपलेलं. गुडघा बोंबलत होता. दर वळणावर थांबावं लागत होतं, आणि थांबलो की सवयीनं मागं बघत होतो. माझी चाल शालूच्या चालीएवढी झाली आहे, हे मला तिथं समजलं. आम्ही आता बरोबर चाललो असतो. इतका राग आला मला. कुणावर यायचा, माझ्यावरच आला.

शेवटच्या वळणावर जांभळाचं झाड तसंच उभं होतं. धोंडाही होता. पॉइंट वर अगदी जवळ, पण चढ उभा. सूर्य अजून होता, झाडांच्या बुंध्यांवर लाल पट्टे पडले होते. मी धोंड्यावर टेकलो, म्हटलं, मिनिटभर. तेवढ्यात मागून एक घोडेवाला आला, पोक्त माणूस, घोडा रिकामाच. थांबला. म्हणाला, "काका, पॉइंट हे काय, इथंच आहे. चला, सूर्य चाललाय."

माझा श्वास अजून जागेवर आला नव्हता. मी हात हलवला आणि म्हटलं, "तुम्ही व्हा समोर. मी येऊन राहिलो."

"राहिलात? कुठं, इथं?" तो गोंधळला. मला समजावून सांगायला दम नव्हता. मी नुसता हसलो. तो घोडा घेऊन वर गेला आणि झाडांआड दिसेनासा झाला.

आणि मग मला त्याचा आवाज ऐकू आला. लांबून आल्यासारखा नाही, माझ्या खांद्याशी उभं राहून बोलल्यासारखा. "खाली एक काका बसलेत. येत नाहीत वाटतं, राहिलो म्हणाले." कुण्या बाईनं विचारलं, एकटेच आहेत का. "एकटेच दिसले," तो म्हणाला. मग एका लहान पोरीनं विचारलं, आई, आता बुडेल का. आई म्हणाली, थांब, बघत राहा. शब्द न शब्द. घोड्यानं फुरफुर केलं तेही. या गावात आवाज झाकायला दुसरा आवाजच नाही.

मी हातातला थर्मास घट्ट धरून बसलो.

म्हणजे तिनं ऐकलं होतं. गणपत काय म्हणाला ते, लोक हसले ते, आणि मी जे म्हटलं ते. राहिली तर राहिली. इथं, या धोंड्यावर बसून, पांढरे बूट जोडून. मग मी खाली आल्यावर तिनं विचारलं होतं, झाला का पाहून. आणि पहिला चहा मला दिला होता. बावीस वर्षं मी ती गोष्ट तिच्यासमोर सांगत होतो आणि ती पाणी आणायला उठत होती. एकदासुद्धा म्हणाली नाही की मले ऐकू आलं होतं. मला त्या धोंड्यावर बसून एवढी लाज वाटली की तोंड दोन्ही हातांनी झाकून घ्यावंसं वाटलं. बघायला तिथं कुणी नव्हतं.

बुंध्यांवरचे लाल पट्टे वर सरकत गेले. इथून सूर्य दिसत नाही, एवढंच दिसतं. वर पोरगी म्हणाली, "बुडाला." टाळ्या वाजल्या.

मी झाकणात चहा ओतला आणि धोंड्यावर माझ्या शेजारी ठेवला. मग मोठ्यानं म्हटलं, "शालू, मले समजलं होतं वं. तेव्हाच समजलं होतं, तू येऊन राहिली म्हणून."

वरचं बोलणं एकदम थांबलं. आवाज खालूनही वर जातो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्या संध्याकाळीही गेला असता. तिनं एक हाक मारली असती तर मला ऐकू आली असती, आणि मी मारली असती तर तिला.

थोड्या वेळानं घोडेवाला वळणावर आला आणि वरूनच खाली वाकून बघायला लागला. "काका, हाक मारली का?"

"मारायची राहिली होती," मी म्हटलं.